नागपूरचं कोर्ट, जेल आणि पोलीस: राज्याच्या अर्थसंकल्पात त्यांचा पैसा कसा शोधायचा

नागपूरच्या सेंट्रल जेलवर सरकार वर्षाला किती खर्च करतं? जिल्हा न्यायालयावर किती? प्रश्न साधे आहेत, पण राज्याच्या अर्थसंकल्पाच्या कुठल्याही एका पानावर त्यांचं उत्तर सापडत नाही. कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे खटल्याचा निकाल अजून लागायचाय अशा कैद्यांच्या, कुटुंबांसोबत काम करताना मला हे आकडे वारंवार लागतात. विधी महाविद्यालयातली मुलं, नवे बातमीदार, विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक असे बरेच जण हेच विचारत येतात. म्हणून ही वाट पायरीपायरीने लिहून ठेवतो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. अर्थसंकल्प गावानुसार लिहीत नाहीत, कामानुसार लिहितात. त्यात ‘नागपूर’ शोधत बसलात तर दिवस जाईल आणि हाती दोन-चार बांधकामं लागतील. आधी काम शोधायचं, मग ते करणारं खातं, आणि सगळ्यात शेवटी नागपुरातलं ऑफिस.

जवळ काय काय हवं

- वित्त विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली गृह विभाग आणि विधी व न्याय विभागाची अर्थसंकल्पीय अंदाजांची पुस्तकं. किमान लागोपाठच्या तीन वर्षांची.
- त्याच वर्षांच्या पुरवणी मागण्यांची (वर्षाच्या मधे सरकार जे जादा पैसे मागतं त्यांची) पुस्तकं.
- भारताच्या महालेखापरीक्षकांचे महाराष्ट्राचे विनियोजन लेखे, म्हणजे मंजूर किती झालं आणि खर्च किती झाला याचा हिशेब.
- एक स्प्रेडशीट. मोबाइलवर हे काम करू नका, डोळे फुटतात.
- दहा रुपयांची कोर्ट फी तिकिटं, माहिती अधिकाराच्या अर्जांसाठी.

## १. कोणाचा पैसा कोणत्या खात्यात, ते आधी ठरवा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस आणि तुरुंग हे राज्यसूचीतले विषय आहेत. न्यायदानाची व्यवस्था १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत गेली. तरी जिल्हा न्यायालयांचे पगार आणि विजेची बिलं राज्याच्याच तिजोरीतून जातात.

विभाग खर्चासाठी विधानसभेकडे जी रक्कम मागतो तिला ‘मागणी’ म्हणतात, आणि महाराष्ट्रात प्रत्येक विभागाच्या मागण्यांना एक अक्षर असतं. गृह विभागाचं ‘बी’, विधी व न्याय विभागाचं ‘जे’. पोलीस प्रशासन बी-१ मध्ये आहे, न्यायदान जे-१ मध्ये. तुरुंगही ‘बी’ मालिकेतच येतात, पण पोलिसांपासून वेगळ्या मागणीखाली. त्यामुळे ‘गृह विभागाला इतके कोटी’ अशी बातमी वाचून त्यातले तुरुंगाला किती, याचा अंदाज बांधू नका. त्याच विभागाच्या पोटात परिवहन आणि राज्य उत्पादन शुल्कही येतं.

सरकारी वकिलांच्या बाबतीत नवखे हमखास गोंधळतात. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात उभे राहणारे सहायक सरकारी अभियोक्ता अभियोग संचालनालयाचे, म्हणजे गृह विभागाचे. सत्र न्यायालयातले आणि उच्च न्यायालयातले सरकारी वकील विधी व न्याय विभागाचे. एकच खटला खालून वर गेला की सरकारची बाजू मांडणाऱ्याचं मानधन दुसऱ्या विभागाच्या खात्यावर पडतं.

## २. लेखाशीर्षांचे आकडे पाठ करा

लेखाशीर्ष म्हणजे खर्चाच्या किंवा जमेच्या प्रकाराला दिलेला क्रमांक. अर्थसंकल्पात नावापेक्षा आकडा भरवशाचा. चार अंकी प्रधान शीर्षं देशभर सारखीच असतात, म्हणून शेजारच्या राज्याशी तुलनाही करता येते. एवढी तोंडपाठ असू द्या:

- २०१४ न्यायदान. त्याखाली तीन अंकी गौण शीर्षं: १०२ उच्च न्यायालय, १०५ दिवाणी व सत्र न्यायालयं, १०८ फौजदारी न्यायालयं, ११४ विधी सल्लागार व वकील, ११७ कुटुंब न्यायालयं.
- २०५५ पोलीस. त्याखाली १०१ गुन्हे अन्वेषण, १०४ विशेष पोलीस, १०९ जिल्हा पोलीस, ११५ आधुनिकीकरण, ११६ न्यायसहायक विज्ञान.
- २०५६ तुरुंग. त्याखाली ००१ संचालन व प्रशासन, १०१ तुरुंग, १०२ तुरुंगातली उत्पादनं.
- ४०५५ पोलिसांवरचा भांडवली खर्च, ४०५९ सार्वजनिक बांधकामांवरचा भांडवली खर्च.
- जमेच्या बाजूला ००३० मुद्रांक व नोंदणी (न्यायालयीन मुद्रांक यातच), ००५५ पोलीस, ००५६ तुरुंग.

‘२’ ने सुरू होणारं शीर्ष महसुली खर्चाचं, ‘४’ ने सुरू होणारं भांडवली, ‘०’ ने सुरू होणारं महसुली जमेचं. एवढ्यावर निम्मं पुस्तक उलगडतं.

शब्द टाकून शोधणार असाल तर ‘तुरुंग’ आणि ‘कारागृह’ दोन्ही टाकून बघा. पुस्तकात शीर्ष तुरुंगाचं आहे, विभाग मात्र स्वतःला कारागृह व सुधारसेवा म्हणवतो. आणि बऱ्याच पीडीएफ जुन्या फॉन्टमधल्या असल्यामुळे मराठी शब्द शोधला तर काहीच मिळत नाही. अशा वेळी आकडा टाकायचा.

## ३. नेमकं कोणत्या वर्षाचं पुस्तक, ते तपासा

पावसासारखं अर्थसंकल्पालाही वेळापत्रक असलं तरी निवडणुकीचं वर्ष ते विस्कटून टाकतं. २०२४-२५ साठी २७ फेब्रुवारी २०२४ ला अंतरिम अर्थसंकल्प आला आणि २८ जूनला पूर्ण. म्हणजे त्या वर्षाचे दोन संच आहेत, आणि फेब्रुवारीचा संच हातात घेऊन लिहिलेले लेख अजूनही फिरताना दिसतात. २०२५-२६ चा अर्थसंकल्प १० मार्च २०२५ ला नेहमीसारखा एकदाच मांडला गेला.

पुस्तक उतरवलं की फाइलच्या नावात वर्ष आणि विभाग लगेच लिहून टाका. संकेतस्थळावरून येणारी फाइलची नावं बघून महिन्याभराने काहीही कळत नाही.

## ४. आकडा वाचायचा कसा

पुस्तकात रकमा हजारात असतात आणि स्वल्पविरामांची जागा रुपयांच्या हिशेबानेच ठेवलेली असते. समजा, १२,३४,५६ असं छापलंय. हे बारा लाख नव्हे. मागे तीन शून्यं लावा: १२,३४,५६,०००. म्हणजे १२ कोटी ३४ लाख ५६ हजार. स्प्रेडशीटमध्ये भरताना स्वल्पविराम काढा आणि हजाराने गुणा. इथे चुकलात तर पुढचं सगळं चुकलं.

रकान्यांचं असं आहे. २०२५-२६ चं पुस्तक उघडलं की २०२३-२४ च्या प्रत्यक्ष रकमा, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज दिसतो. वर्तमानपत्रं शेवटचा रकाना छापतात. माझं मत विचाराल तर तो चारातला सगळ्यात कमी कामाचा. इच्छा काय होती ते त्यातून कळतं. प्रत्यक्षात काय झालं ते पहिल्या रकान्यात असतं, आणि ते दोन वर्षं जुनं असतं. म्हणून तीन वर्षांची पुस्तकं मागितली. तिन्हींमधून एकाच वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रक्कम एका ओळीत मांडा. तेव्हा कुठे खात्याची चाल दिसते.

मग ‘दत्तमत’ आणि ‘भारित’. दत्तमत म्हणजे विधानसभेच्या मतदानाने मंजूर होणारा खर्च. भारित खर्च थेट राज्याच्या एकत्रित निधीवर (राज्याच्या मुख्य तिजोरीवर) पडतो, त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार अनुच्छेद २०२ नुसार आणि उच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च अनुच्छेद २२९ नुसार भारित आहे. न्यायमूर्तींचं निवृत्तिवेतन तर राज्याच्या खात्यावर नाहीच, ते भारताच्या एकत्रित निधीवर भारित असतं. सिव्हिल लाइन्समध्ये नागपूर खंडपीठ आणि जिल्हा न्यायालय एकमेकांपासून लांब नाहीत, पण हिशेबात एकाचा खर्च भारित आणि दुसऱ्याचा दत्तमत. आमदार जिल्हा न्यायालयाच्या तरतुदीवर कपात सूचना (रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) देऊ शकतो, खंडपीठाच्या आस्थापनेवर नाही. कारण उघड आहे. जे न्यायालय सरकारला जाब विचारतं, त्याचा खर्च सभागृहातल्या बहुमताच्या हातात ठेवायचा नाही, असं घटनाकारांनी ठरवलं.

शेवटी उद्दिष्टं. प्रत्येक योजनेखाली दोन अंकी बाबी असतात: ०१ वेतन, ०६ दूरध्वनी, वीज व पाणी, ११ प्रवास, १३ कार्यालयीन खर्च, २१ सामग्री व पुरवठा, २४ पेट्रोल, तेल व वंगण, ५१ मोटार वाहनं, ५३ मोठी बांधकामं. पोलीस असो, तुरुंग असो की न्यायालय, सर्वांत मोठा आकडा ०१ समोर असतो. तरतूद वाढली म्हणून नवी पदं भरली गेली, असा निष्कर्ष काढू नका. महागाई भत्ता वाढला, वेतन आयोगाची थकबाकी दिली, तरी ०१ फुगतो. न्यायाधीशांच्या बाबतीत दुसऱ्या राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोगाची थकबाकी हे अलीकडचं ठळक कारण. पदं खरंच वाढली का, हे पदनिर्मितीच्या शासन निर्णयातून आणि भरलेल्या-रिक्त पदांच्या तक्त्यातून बघायचं.

सुधारणेबद्दल सरकार गंभीर आहे की नाही हे कळायला मी वेतनाची ओळ झाकून उरलेली यादी वाचतो. ती वाचताना फारसा वेळ लागत नाही, आणि तेच त्यातलं दुखणं.

## ५. एका कच्च्या कैद्याचा दिवस कागदावर मांडा

ही पायरी गाळू नका. एका कच्च्या कैद्याची एक तारीख घ्या आणि त्या दिवसाचा प्रत्येक खर्च कुठे नोंदला जातो ते लिहा.

सकाळी वर्धा रोडवरच्या सेंट्रल जेलमध्ये चहा, नाश्ता, हजेरी. शिपायाचा पगार, शिधा, पाणी, दिवे हे सगळं २०५६. आज तारीख आहे म्हणून गार्ड येतो. तो जेलचा नसतो, पोलीस मुख्यालयाचा असतो. त्याचा पगार आणि व्हॅनचं डिझेल २०५५. गार्ड मिळाला नाही म्हणून तारीख हुकली तर त्या दिवशीचा नुकसानीचा आकडा कुठल्याच शीर्षात नसतो. कैद्याचा आणखी एक दिवस तेवढा २०५६ मध्ये वाढतो. व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) हजेरी झाली तर पोलिसांचं डिझेल वाचतं, पण यंत्रणा जेलला आणि कोर्टाला उभी करावी लागते. खर्च एकाचा, बचत दुसऱ्याची. अशा कामांचे प्रस्ताव रेंगाळतात त्यामागे हेही एक कारण आहे.

न्यायालयात न्यायाधीश, लघुलेखक, बेलिफ यांचा खर्च २०१४. अभियोक्ता कोणत्या विभागाचा ते वर सांगितलं. आरोपीकडे वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. त्या पैशात राज्याचं अनुदान असतं आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचाही निधी असतो. लोक अभिरक्षक, म्हणजे पूर्णवेळ बचाव वकिलांची जी योजना आहे, तिचे पैसे राष्ट्रीय प्राधिकरणाकडून येतात. राज्याच्या पुस्तकात तो आकडा शोधू नका.

व्हिसेरा किंवा डीएनएचा अहवाल अजून आला नसेल तर प्रकरण प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत अडलेलं असतं. ती गृह विभागाच्या अखत्यारीत, शीर्ष २०५५, गौण शीर्ष ११६. इथे थोडं थांबा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने बंधनकारक व्हायचं आहे. कायद्याने काम वाढवलं. माणसं आणि गाड्या किती वाढल्या, हे ११६ खालच्या उद्दिष्टांतून दरवर्षी तपासता येतं. नव्या फौजदारी कायद्यांवर लिहिणाऱ्याने बघावी अशी ही एकच ओळ असेल तर ती हीच.

कैदी आजारी पडला आणि मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) हलवला तर तिथले डॉक्टर, औषधं आरोग्य सेवेच्या खर्चात, आणि खाटेजवळचा पहारा पुन्हा पोलिसांचा. बराकीचं छत गळत असेल तर दुरुस्ती बांधकाम खात्याची. निवृत्त जेलरचं निवृत्तिवेतन २०७१ मध्ये, वित्त विभागाकडे. जामीन मिळूनही पैशाअभावी आत राहिलेल्या कैद्यासाठी केंद्राची गरीब कैदी साहाय्य योजना आहे. तिच्या २०२३ च्या मूळ नियमांत कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याला दंडासाठी २५ हजारांपर्यंत मदतीची मर्यादा होती. तो पैसा केंद्राचा, निर्णय जिल्हास्तरीय समितीचा.

आता हा कागद पुढ्यात ठेवून विचारा: ‘एका कैद्यावर दिवसाला इतका खर्च’ हे कसं काढतात? बहुतेक वेळा २०५६ ची रक्कम कैद्यांच्या संख्येने भागून. त्यात पोलीस बंदोबस्त नाही, रुग्णालय नाही, इमारत नाही, पेन्शन नाही. आकडा खोटा नसतो, अर्धा असतो. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात हे प्रमाण ७५.८ टक्के होतं). म्हणजे जेलच्या खर्चाचा मोठा भाग हा खरं तर न्यायालयात तारखा लांबल्याचा खर्च आहे. तो २०१४ मध्ये दिसत नाही. न्यायाधीशांच्या रिक्त जागांमुळे विधी व न्याय विभागाची ‘बचत’ होते आणि तिची भरपाई गृह विभाग डाळ-तांदळातून करत राहतो. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवल्याशिवाय हे लक्षातच येत नाही, आणि दोन वेगळ्या विभागांच्या मागण्यांवर सभागृहात चर्चाही वेगवेगळी होते.

## ६. तरतूद, वितरण, खर्च: तीन वेगळे आकडे

अर्थसंकल्प मंजूर झाला म्हणजे नागपूरच्या ऑफिसात पैसे आले, असं नाही. विनियोजन कायदा (तिजोरीतून पैसे काढायला परवानगी देणारा) झाल्यावर रक्कम बीम्स नावाच्या संगणक प्रणालीवर चढते. वित्त विभाग वर्षभरात टप्प्याटप्प्याने ती खुली करतो. विभागाकडून नियंत्रक अधिकाऱ्याकडे (तुरुंगांसाठी पुण्यातलं कारागृह मुख्यालय, पोलिसांसाठी महासंचालक) आणि तिथून आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्याच्या सहीने कोषागारातून पैसे निघतात त्याच्याकडे. या वाटपाच्या पावतीला सगळे ‘बीडीएस’ म्हणतात. नागपुरात कुठल्याही सरकारी ऑफिसात दुरुस्ती का अडली विचारा, ‘बीडीएसच नाही आलं जी’ हे उत्तर मिळेल. बहुतेकदा ते खरंही असतं.

सापळे:

प्रशासकीय मान्यता म्हणजे पैसा नव्हे. नव्या न्यायालयीन इमारतीला किंवा बराकीला मान्यता मिळाल्याचा शासन निर्णय येतो, फोटो छापून येतात. त्याच निर्णयात शेवटी लेखाशीर्ष दिलेलं असतं. त्या शीर्षाखाली त्या वर्षी किती तरतूद आहे ते लगेच बघा. कधी कधी ती फक्त एक हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद असते, म्हणजे पुस्तकात जागा धरून ठेवलेली असते.

खर्च पडला म्हणजे काम झालं, असंही नाही. केंद्र पुरस्कृत काही योजनांत पैसे आधी एकल नोडल खात्यात (योजनेच्या एकाच बँक खात्यात) जातात. कोषागाराच्या लेखी तो खर्च झाला, प्रत्यक्षात रक्कम बँकेत असू शकते. न्यायालयीन इमारतींसाठी १९९३-९४ पासून चालू असलेल्या केंद्राच्या योजनेत केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के देतं. तिथे राज्याचा हिस्सा वेळेत पडला का, हे वेगळं तपासा.

मार्च. शेवटच्या आठवड्यात निधी येतो, बिलं कोषागारात धावतात, उरलेली रक्कम प्रत्यार्पित होते (परत केली जाते) किंवा व्यपगत होते (वर्ष संपताच रद्द होते). मार्चमधल्या खरेदीचा तपशील मागितला की बऱ्याच गोष्टी समजतात.

कोर्ट फी आणि दंड कोर्टाला मिळत नाहीत. ते राज्याच्या एकत्रित निधीत जातात. ‘न्यायालय एवढं कमावतं, मग बाकडी का मोडकी’ हा प्रश्न चीड म्हणून ठीक आहे, हिशेब म्हणून नाही.

जिल्ह्याचा पैसा वेगळा. पोलिसांच्या गाड्या, कॅमेरे अशा गोष्टी जिल्हा वार्षिक योजनेतूनही घेतल्या जातात. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातलं नियोजन कार्यालय गाठा. ही रक्कम बी-१ मध्ये मिळवली नाहीत तर नागपूर पोलिसांचा आकडा कमी दिसेल.

## ७. डिसेंबरमध्ये जागे राहा

१९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी विधिमंडळाचं एक अधिवेशन इथे भरतं. लोक मोर्चे आणि वाहतूक बघतात. मला त्या काळात पुरवणी मागण्यांचं पुस्तक महत्त्वाचं वाटतं. डिसेंबर २०२३ मध्ये इथे ५५ हजार ५२० कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या, डिसेंबर २०२४ मध्ये ३३ हजार ७८८ कोटींच्या. पावसाळी आणि अर्थसंकल्पी अधिवेशनातही त्या येतात. मार्चचं पुस्तक वाचून थांबलात तर वर्षाचा मोठा तुकडा सुटतो.

पुरवणी पुस्तक वाचायला मूळ पुस्तकापेक्षा सोपं आहे, कारण प्रत्येक रकमेखाली दोन-चार ओळींत कारण दिलेलं असतं. ‘बी’ आणि ‘जे’ अक्षरांच्या मागण्या काढा, कारणं वाचा. थकबाकी, विजेची बिलं, आहार अशा दरवर्षी येणाऱ्या गोष्टी पुरवणीत दिसल्या तर समजा, मूळ अंदाज जाणूनबुजून कमी धरला होता किंवा निष्काळजीपणे.

कामकाजाच्या शेवटच्या दिवशी चर्चेविना राहिलेल्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकतात. तुरुंगाची मागणी चर्चेला येण्याची वाट बघण्यापेक्षा आपल्या आमदाराला आधीच तारांकित प्रश्नाचा (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा) मसुदा लिहून द्या. तयार मसुदा दिला तर उपयोग होतो, नुसतं निवेदन दिलं तर पोचपावती मिळते.

## ८. नागपूरचा आकडा: माहितीचा अधिकार

आता खरं नागपूर. जेलचा अर्ज मध्यवर्ती कारागृहाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, शहर पोलिसांचा आयुक्तालयाकडे, ग्रामीणचा अधीक्षकांकडे. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्द. फी १० रुपये, झेरॉक्स पानामागे २ रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला फी नाही. ऑनलाइनही करता येतो.

मसुदा असा ठेवा:

> ‘दि. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीत प्रधान लेखाशीर्ष २०५६ खाली आपल्या कार्यालयास (१) उद्दिष्टनिहाय मागणी केलेली रक्कम, (२) बीडीएसद्वारे प्राप्त रक्कम दिनांकासह, (३) झालेला खर्च, (४) प्रत्यार्पित रक्कम, यांच्या विवरणपत्राची प्रत. तसेच महालेखापाल कार्यालयाशी झालेल्या मार्च २०२५ च्या खर्चाच्या ताळमेळाची प्रत.’

‘का’, ‘कारण काय’ असे प्रश्न अर्जात घालू नका, ते माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत असं उत्तर येतं. अस्तित्वात असलेला कागद मागा. ताळमेळाचा कागद, म्हणजे कार्यालयाचे आणि महालेखापालांचे खर्चाचे आकडे जुळवून बघितल्याचा कागद, मागण्यात खुबी आहे: तो प्रत्येक कार्यालयाला करावाच लागतो, त्यामुळे ‘माहिती संकलित नाही’ म्हणायला जागा उरत नाही. मला एका कार्यालयाने ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ डाळीचा खर्च नाकारला होता. पहिल्या अपिलात तो मिळाला. अधिनियमाच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपला अर्थसंकल्प आणि वाटप स्वतःहून जाहीर करायचं असतं, हे अपिलात आवर्जून लिहा.

न्यायालयांचं वेगळं आहे. उच्च न्यायालय आणि जिल्हा न्यायालयांचे माहिती अधिकाराचे स्वतःचे नियम आणि स्वतःचा नमुना आहे. साध्या कागदावर अर्ज टाकलात तर परत येण्याची शक्यता जास्त. नियम आधी वाचा.

उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. मुंबईला जायची गरज नाही.

## ९. लिहिण्याआधी लेख्यांशी ताडून बघा

महालेखापरीक्षकांचे विनियोजन लेखे दरवर्षी विधिमंडळात मांडले जातात. त्यात मागणीनिहाय मूळ तरतूद, पुरवणी, खर्च, बचत किंवा जादा खर्च आणि मोठ्या फरकाचं विभागाने दिलेलं कारण असतं. ‘पदं रिक्त राहिल्यामुळे’ हे कारण किती वेळा येतं ते मोजा. कारणच दिलं नसेल तर तसंही तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. पुरवणी मागणी घेऊन वर्षअखेर त्याच शीर्षात बचत दाखवली असेल तर तुमची बातमी तयार आहे.

विदर्भ-मराठवाड्याचे लेखे ठेवणारं महालेखापाल (लेखा व अनुज्ञेयता)-२ हे कार्यालय नागपुरातच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

## १०. पुढच्या वर्षासाठी काही मागायचं असेल तर

जेलच्या भेटकक्षात बाकडी हवीत, कोर्टात साक्षीदारांसाठी बसायची जागा किंवा महिलांचं स्वच्छतागृह हवं, तर मार्चमध्ये निवेदन देऊन उपयोग नाही. तोवर पुस्तक छापून झालेलं असतं. स्थानिक कार्यालयं पुढच्या वर्षाचे अंदाज पावसाळा संपता संपता वर पाठवतात. तिथून ते नियंत्रक अधिकारी, मग मंत्रालयातला प्रशासकीय विभाग, मग वित्त विभाग असे हिवाळ्यात पुढे सरकतात. जिल्हा न्यायालयाचे अंदाज उच्च न्यायालयामार्फत विधी व न्याय विभागाकडे जातात.

तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जा. सोबत तीन कागद न्या: मागणीचा अर्ज, बांधकाम उपविभागाकडून घेतलेलं ढोबळ अंदाजपत्रक आणि ती रक्कम कोणत्या लेखाशीर्षाखाली व उद्दिष्टाखाली बसते त्याची चिठ्ठी. तिसरा कागद बघून समोरचा लिपिक खुर्ची पुढे करतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख टाकून घ्या, आणि ऑक्टोबरच्या शेवटी त्याच क्रमांकावर प्रस्ताव वर पाठवल्याच्या पत्राची प्रत मागा.